रात्री दहाचा कागद

ती खिडकी राहू दे बंद. कोंदट वाटत असेल तर वाटू दे थोडं. आणि चष्मिस, तो मोबाइल पालथा ठेव. खालून उजेड पडला की तूच भुतासारखा दिसतोस, मग माझ्या गोष्टीला कोण घाबरणार?

तर, एक माणूस रोज रात्री जेवून, हात धुऊन, कागद बदलायला निघायचा.

हसू नका, हेच त्याचं काम होतं. माझ्याच नोकरीतला. आम्ही त्याला कागदवाला म्हणायचो. शहराच्या कडेला, जिथे ट्रक थांबतात त्या रस्त्यावर एक शाळा आहे, आणि शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र. पत्र्याची पेटी, कमरेएवढी उंच, वर उतरत्या छपरासारखं झाकण. आतली मोटर दिवसरात्र हवा ओढते आणि ती हवा एका कागदातून गाळली जाते. झेरॉक्सच्या कागदाएवढाच, पण जाडसर, मऊ, पांढराशुभ्र. आठ तासांनी काढावा तर काळा. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, असा तीनदा बदलायचा. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, म्हणून तिन्ही पाळ्या त्यानेच घेतलेल्या.

मी वजनाच्या खोलीत. कोरा कागद तोलून, नंबर मारून, पाकिटात घालून त्याला द्यायचा. वापरून आला की वाळवून पुन्हा तोलायचा. वजन जितकं वाढलं तितकी हवेत घाण. तीस वर्षं धूळ तोलली मी. तुमची काकू म्हणायची, घरातली पुसायला सांगितली की मात्र यांची कंबर धरते.

एक पद्धत सांगतो, ती लक्षात ठेवा. कागद उघडा असेपर्यंत श्वास रोखायचा. श्वासाची ओल वजनात येऊ नये म्हणून. हो ताई, माहीत आहे, नंतर वाळवतातच. तुझं विज्ञान तुझ्याजवळ ठेव. मला शिकवणाऱ्याने असं शिकवलं आणि मी कागदवाल्याला तसंच शिकवलं. यंत्र बंद करायचं, श्वास घ्यायचा, रोखायचा. झाकण उघडायचं, जुना कागद काळी बाजू आत ठेवून दुमडायचा, पाकिटात घालायचा, नवा लावायचा. तिसापर्यंत आकडे मोजून होईतो काम उरकायला हवं. मग सोडायचा.

त्याची बायको, म्हणजे वहिनी, दुकानात शिलाईचं काम करायच्या. त्यांना मूत्रपिंड त्यांच्या आईचं बसवलेलं. दुसऱ्याचा अवयव शरीर मुकाट्याने ठेवून घेत नाही, परका समजून त्याच्या अंगावर जातं. तसं करू नये म्हणून गोळ्या असतात, शरीराची भांडायची ताकदच कमी करणाऱ्या. सकाळी दहा, रात्री दहा, जन्मभर. एक मिनिटही चुकवायचं नाही. पण ताकद कमी झाली की ती सगळ्यांशीच भांडायची कमी होते. साधी सर्दी झाली तरी वहिनींची छाती भरायची. श्वासाला शिट्टी लागायची. फवाऱ्याचा पंप कायम उशाशी.

तरी त्यांना मूल हवं होतं. हवं म्हणजे किती हवं, ते त्याने मला कधी सांगितलं नाही, पण पाच वर्षं तो माणूस बारशाच्या जेवणाला गेला नाही. शेवटी डॉक्टरीणबाई तयार झाल्या. पोटातल्या बाळाला चालणार नाही अशी एक गोळी बंद केली, दुसरी दिली, वर्षभर थांबवलं, आणि मग हो म्हणाल्या. अट एकच. "छाती सांभाळायची. हिवाळ्यात खिडकी उघडायची नाही. रस्त्याकडे फिरायचं नाही."

त्या हिवाळ्यात त्यांनी खिडकीच्या फटींना ओली फडकी लावली होती. फडकं संध्याकाळपर्यंत काळं व्हायचं. वहिनी सातव्या महिन्यात होत्या, दिवसभर त्या एका खोलीत. चिडायच्या. "लोणचं घातलंय का मला बरणीत?" म्हणायच्या.

आणि मग डिसेंबरात कागद पांढरे यायला लागले.

अगदी पांढरे नाहीत, राखाडी. पण आधीच्या मानाने पांढरेच. वजन उतरलं. पहिल्या दिवशी मी पुन्हा तोलून बघितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब खूश, म्हणाले, बायपास सुरू झाला, ट्रक तिकडून जायला लागले, हवा सुधारली. मलाही पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच होतं.

नियम असा होता, की वजन एकदम उतरलं तर वजनवाल्याने विचारायचं, मोटर नीट ओढतेय का? यंत्रावर एक काटा असतो, किती हवा ओढली ते दाखवणारा. तो बघून आकडा लिहायचा असतो. कागदवाला रात्री तोंडात बॅटरी धरून, तिन्ही त्रिकाळ तेच काम करून कंटाळलेला. तो कालचाच आकडा आज लिहायचा. सगळेच लिहायचे. मलाही ते ठाऊक होतं.

मी विचारलं नाही. मी फोन केला, पण तो वेगळाच. म्हणालो, "अरे, कागद बघितलेस ना? हवा छान झालीय. उघडू दे की त्या माउलीला खिडकी!"

तो हसला. खूप दिवसांनी हसला असेल. म्हणाला, "तुम्ही म्हणताय ना? मग उघडतो."

अकरा दिवस खिडकी उघडी होती. पहाटे दोघं रस्त्याने फिरूनही यायची.

मोटरीत कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, त्यांना कार्बन म्हणतात. ते झिजले होते. मोटर निम्मीच हवा ओढत होती. कागद पांढरा होता, कारण यंत्रालाच दम लागला होता. हवा तशीच होती. तशी कसली, थंडीने आणखी वाईट.

बाराव्या दिवशी वहिनींना ताप. छाती दोन्हीकडून भरली. रक्तातला प्राणवायू उतरत गेला, बाळालाही पोचेना, म्हणून सहा जानेवारीला बाळ लवकर काढावं लागलं. मुलगा. दोन्ही हातांत मावेल एवढा. फुप्फुसं तयार नव्हती. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. घेतला, सोडला, थांबला. घेतला, सोडला, थांबला. काचेबाहेरून बाप मोजत बसला होता. नऊ तास.

वहिनी वाचल्या.

डॉक्टरीणबाईंना त्याने विचारलं, "कशाने झालं?" त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी ताकद कमी होतीच. हवा वाईट. त्यात जंतू. लवकर झालेलं बाळ. कशाचा वाटा किती, तशी वाटणी करता येत नाही." बरोबरच आहे. मला फक्त तोललेलं सांगता येतं, आणि हे तोलता येत नाही.

मला कळलं तेव्हा मी वजनाच्या खोलीत होतो. वाटलं, रडू येईल. आलं नाही. समोर कागद होता, तो तोलला. मग पुढचा तोलला. संध्याकाळी कार्बनचा डबा घेऊन मी स्वतः गच्चीवर गेलो आणि मोटर दुरुस्त केली. दुसऱ्या दिवसापासून कागद काळे यायला लागले.

तो दहा दिवस रजेवर होता. सतरा जानेवारीला, शुक्रवारी, कामावर आला. त्या रात्रीचं आता सांगतो ते त्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्याने सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

दहाला पाच कमी असताना तो निघाला. धुकं आणि धूर, दोन्ही एकत्र. रस्त्यावरचे दिवे नुसते पिवळे डाग. शाळेचा जिना चढून वर गेला. नेहमीप्रमाणे वहिनींना फोन लावला. "दहा वाजले. गोळी घेतलीस?"

"घेतली."

 फोन तसाच चालू ठेवून त्याने खिशात टाकला. यंत्र बंद केलं. मोटर घरघरत थांबली. गच्ची शांत.

त्याने श्वास घेतला. रोखला.

एक. दोन. तीन...

श्वास ऐकू आला.

बारीक. घाईचा. घेतला, सोडला, थांबला.

त्याला वाटलं, मोटर गार होतेय, पत्रा वाजतोय. त्याने श्वास सोडला. आवाज बंद. पुन्हा रोखला.

घेतला. सोडला. थांबला.

झाकणाखालून येत होता.

तो म्हणाला, "मला भीती वाटली नाही काका. मला काहीच वाटलं नाही. नऊ तास मोजलेला होता, लगेच ओळखला." काका म्हणायचा मला, तुमच्यासारखाच.

त्याने खिशातून फोन काढला. म्हणाला, "ऐक." आणि फोन झाकणापाशी धरला. श्वास रोखला.

किती वेळ कुणास ठाऊक. आकडे मोजायचे राहिले...

मग फोनमधून वहिनी बोलल्या. शांत. रोजच्यासारख्या.

"अहो. आता नीट घेतोय."

खरंच. मधलं थांबणं गेलं होतं. खड्डा पडल्यासारखा आवाज गेला होता. घेतला, सोडला. घेतला, सोडला. झोपलेलं मूल घेतं तसा.

त्याच्याने श्वास आणखी रोखवेना. छाती फुटायला आली. तरी धरला. कारण सोडला की...

सोडावा लागला.

त्यानंतर काही नाही. त्याने खूप वेळा रोखून पाहिला. पहाटेपर्यंत. काही नाही. मग झाकण उघडलं, कागद काढला, काळी बाजू आत ठेवून दुमडला आणि नवा लावला. काम ते काम. सकाळी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, हे सगळं सांगितलं आणि गेला. त्याच महिन्यात त्याने बदली मागून घेतली.

तो गेल्यावर मी पाकीट उघडलं. कागद काळाकुट्ट, तवा बरा. आणि मधोमध एक गोल. पांढरा. शर्टाच्या गुंडीएवढा. खरवडलेला नाही, पुसलेला नाही, भिंग लावून बघितलं. धागा न् धागा कोरा. तेवढ्या जागेची धूळ कुणी तरी ओढून घेतल्यासारखी.

पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.

तो कागद मी तोलला नाही. वहीत "कागद फाटला, रद्द" असं लिहिलं. तीस वर्षांतली माझी दुसरी खोटी नोंद. पहिली तुम्हाला सांगितलीच, ती लिहिलेली नव्हती, फोनवर बोललेली होती.

त्याच वर्षी निवृत्त झालो, तेव्हा पाकीट घरी आणलं. त्या कपाटात आहे, वरच्या खणात. घाबरू नका, चावत नाही.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला रात्री दहाला माझा फोन वाजला. वहिनी होत्या. कशा आहात नाही, काय चाललंय नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "किती?"

मी गोलाबद्दल कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पाकीट उघडलं आणि पट्टी लावली. पंधरा.

"पंधरा," म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

त्यानंतर दरवर्षी. मी मोजतो, पाकीट चिकटवतो, जोडावर सही करतो, कपाटाला कुलूप लावतो. अठरा झाला. मग एकवीस. मागच्या वर्षी चोवीस. त्यांना सांगतो, त्या बरं म्हणतात.

लावा आता दिवा. ताई, कपाटाची किल्ली त्या घड्याळामागे आहे. आज सतरा तारीख, आणि दहाला चार कमी आहेत. माझे डोळे आता पट्टीवर ठरत नाहीत, म्हणून तर तुम्हाला जेवायला बोलावलं. सही बघ आधी. अखंड आहे ना? बघ नीट. आता फोड पाकीट. हळू. कागद उलगड. चष्मिस, पट्टी धर तिला. शून्य गोलाच्या कडेवर.

आणि श्वास रोखा, दोघांनीही. पद्धत आहे.

किती?

नीट बघ, घाई नको.

सव्वीस. बरं. पाकिटावर लिही, चोवीसच्या खाली. आणि फोन वाजला की तूच उचल.