किटलीवर दोन श्वास

प्रेम हे चांदीसारखं असतं: शुद्ध, शाश्वत, तेजस्वी. फक्त दर रविवारी घासावं लागतं.

रचनाच्या घरी हे काम आईकडे, म्हणजे चंदाबाईंकडे होतं. बाबांना साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली त्या आठवड्यात त्यांनी एक जुनी इंग्लिश किटली घेतली होती. "अस्सल चांदी आहे," बाबा म्हणायचे. "नुसता मुलामा! भगवानला फसवलं," नातेवाईक बाबांबद्दल म्हणायचे. खरी असेल तर टिकेल, या न्यायाने चंदाबाईंनी ती वीस वर्षं रांगोळीने घासली. किटली टिकली. तळाचे, चांदीची खात्री देणारे छाप झिजून गेले. मग बाबाही गेले... त्यांचा शब्द तेवढा मागे लोंबकळत राहिला.

म्हणून मिल्टन कीन्सच्या अँटिक फेअरमध्ये पहिल्याच टेबलवाल्याने "प्लेटेड, लव्ह. छापच नाहीत," म्हटल्यावर रचनाचे डोळे भरले. ती वळली, ती थेट पुढच्या टेबलावर आदळली.

"आई गं!"

"टेबलाला लागलं नाही," टेबलामागून मराठीत उत्तर आलं. "तुला?"

तो प्रबुद्ध. आठवडाभर केंब्रिजला धातूंवर संशोधन, रविवारी जुन्या चांदीची दुरुस्ती. हात मनगटापर्यंत काळे, हसू मात्र पॉलिश केलेलं.

त्याने किटली उलटी धरली, तळावर अलगद श्वास सोडला... हाऽ. चांदीवर धुकं धरलं.

"बघ, पटकन!"

धुक्यात एक पाय उचललेला सिंह उमटला – आणि विरला.

"दिसला?"

"अर्धाच. तुझं डोकं मध्ये होतं."

"मग तू श्वास सोड. मी बाजूला होतो."

तो झाला नाही. तिनेही आठवण करून दिली नाही.

या वेळी अख्खा सिंह दिसला. "हा असला की चांदी अस्सल," प्रबुद्ध हळूच म्हणाला. "वरून किती का घासेना, ठोक्याचा दाब आत राहतो."

रचनाने तिथूनच फोन लावला. "आई, बाबा खरं सांगत होते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "मग! मी काय म्हणत होते?"

संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर सिंह पोचला. ग्रुप प्रथमच गप्प झाला.

किटलीवर छाप चारच. ते तपासायला प्रबुद्ध सलग नऊ रविवार मिल्टन कीन्सला रचनाच्या घरी आला. दहाव्या रविवारी रचनाने विचारलं, "आता काय राहिलंय?"

"तुझं... म्हणजे – तू हो म्हणतेस का, तेवढंच."

रचनाने किटलीवर हाऽ केलं आणि धुक्यात बोटाने लिहिलं: हो.

दारात उभ्या चंदाबाईंनी पदराने डोळे टिपले. "माग रे बाळा, आज काय हवं ते माग!"

"काकू, एकच," प्रबुद्ध म्हणाला. "ती रांगोळी... यापुढे दारात काढाल का?"