प्रिंगलबाईंच्या हौदाची दुसरी पायरी

बसा रे जवळ. लोडशेडिंग साडेनऊपर्यंत आहे, तोवर टीव्ही नाही, फोनला चार्ज नाही, म्हणजे म्हाताऱ्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि लुंगा, तू पुढे बस. आज दुपारी ॲसिडची बादली न धुता तिच्यातच क्लोरीनची पावडर ओतायला निघाला होतास. मी बादली हिसकावली तर म्हणतोस कसा, ‘मखुलू आजोबा, तुमचं आपलं काहीतरीच.’ बरं. आता माझं काहीतरीच ऐक.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. गोष्ट आपल्या पीटरमारित्झबर्गमधलीच, वरच्या टेकडीवरच्या रस्त्याची. दुमिसानी म्हणून एक जण बारा वर्षं माझ्या जोडीला हौद साफ करायचं काम करत होता. गुरुवारी, सात तारखेला, त्याला प्रिंगलबाईंच्या घरी जायला सांगितलं. बाई दोन महिने लेकीकडे केपटाउनला, मागे पंप बिघडलेला, आणि परसातला स्विमिंग पूल हिरवागार. आपण त्याला हौदच म्हणतो. पाणी एवढं दाट की पहिली पायरी दिसत होती, दुसरी नाही. घरात एकटा एल्फस, बाईंचा माळी. साठी उलटलेला, सोन्याच्या खाणीत छाती घालवून बसलेला, पण जीभ शाबूत. दुमिसानीला फाटकात बघून म्हणाला, ‘या डॉक्टर. पेशंट शेवटच्या घटका मोजतोय.’

दोघांनी मिळून दिवसभर काम केलं. पंप दुरुस्त केला, जाळीने पाला काढला, भिंती घासल्या. मग दुमिसानीने बादलीतून ॲसिड नेऊन पाणी ताळ्यावर आणलं, कारण त्याआधी क्लोरीन टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. क्लोरीन टाकायचं सूर्य बुडाल्यावर, नाहीतर ऊनच ते खाऊन टाकतं. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. दुमिसानीलाही पाठ होतं. पण त्या संध्याकाळी फुटबॉलचा सामना होता, आणि त्याला तो घरी बसून बघायचा होता. दुसरं काहीही कारण नव्हतं, पोरांनो. मला तेच सांगताना लाज वाटते.

त्याने एल्फसला सांगितलं, अंधार पडला की पंपाच्या खोलीतली ही पावडर बादलीत घे, पाणी घाल आणि हौदाच्या कडेकडेने ओत. एवढं सांगून तो निघाला. बादली धुवायची राहिली. तळाशी दोन बोटं ॲसिड होतं. त्यावर ती पावडर पडली की विषारी वायू सुटतो.

शुक्रवारी सकाळी सातला दुमिसानी परत आला. एल्फस हौदात होता. दुसऱ्या पायरीवर बसलेला, कमरेपर्यंत पाण्यात, मान भिंतीला टेकलेली, हातांची ओंजळ चेहऱ्याजवळ. वायूने डोळे जळत असताना तो चाचपडत पाण्यापर्यंत आला होता आणि डोळे धुता धुता गेला होता. बादली पंपाच्या खोलीत पडली होती. दुमिसानीने बादलीचा वास घेतला आणि त्याला सगळं कळलं.

त्याने मला फोन केला. मी काय सांगितलं असेल? मी त्याच्याहून मोठा, मला तो थोरला भाऊ मानायचा. मी म्हणालो, त्याला अवोकाडोच्या झाडाखाली ठेव आणि गप्प बस. रात्री पाऊस झालाय, ओले कपडे कुणाला खटकणार नाहीत. आणि तसंच झालं. डॉक्टरने खाणकामगाराची छाती बघितली आणि कागदावर छातीच लिहिली. दुमिसानीची नोकरी वाचली. माझ्यामुळे वाचली, असं मी त्या आठवड्यात स्वतःला सांगत होतो.

मंगळवारी एल्फसची बायको आली, त्यांच्या गावाहून, नोंगोमाहून. माखुमालो. हातात उमलाहलांकोसीची फांदी. तुम्ही शहरात वाढलात, पण एवढं तरी ऐकलं असेल. माणूस घराबाहेर मेला की जिथे जीव गेला तिथे ही काटेरी फांदी टेकवायची, त्याला नाव घेऊन बोलवायचं आणि घरी न्यायचं. टॅक्सीत त्याच्या नावाची जागा घ्यायची. जो फांदी धरतो त्याने घर येईपर्यंत जिवंत माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते फक्त त्याच्याशी.

तिने विचारलं, ‘कुठे पडला तो?’

दुमिसानीने झाडाकडे बोट दाखवलं.

तिने झाडाखाली फांदी टेकवली. एल्फस, चल, घरी जाऊ, म्हणाली. मग फांदी उराशी धरून फाटकातून गेली. शनिवारी त्याला पुरलं.

इकडे हौद साफ होत आला. दुमिसानीने गाळ बसवायचं औषध टाकलं, पंप रात्रभर बंद ठेवला आणि सकाळी तळाचा गाळ नळीने बाहेर काढला. तळाशी नाणं टाकलं असतं तर छाप वाचता आली असती. फक्त दुसऱ्या पायरीवर एक हिरवा पट्टा राहिला, बसलेल्या माणसाएवढा रुंद. तारेच्या ब्रशने घासला की जायचा. सकाळी पुन्हा तिथेच. बाटलीत तिथलं पाणी घेऊन थेंब टाकले तर पिवळा रंग येईना, म्हणजे क्लोरीनचा मागमूस नाही. हातभर अंतरावरचं पाणी घेतलं की रंग बरोबर यायचा.

बाई पुढच्या शनिवारी परतणार होत्या. दुमिसानी माझ्याकडे आला. म्हणाला, ‘भाऊ, आज रात्री माझ्यासोबत बस. रात्री तिथे काय होतं ते बघायचंय मला.’ मी म्हणालो, माझा गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत होता.

तो एकटाच गेला. बुधवार, वीस मार्च. हौदाशेजारी खुर्ची टाकून बसला. बारा वाजले. एक वाजला. पंपाचा आवाज चालू होता, त्याचा तेवढा आधार. दोनला वीज गेली. पंप थांबला. वर रस्त्यावरची कुत्रीही भुंकायची थांबली.

दोन वाजून दहा मिनिटं.

पाण्याचा आवाज आला. अगदी हळू. ओंजळ भरावी... आणि तोंडावर मारावी... तसा.

परत.

परत.

मग खोकला. तोच, खाणीतला. दुमिसानीने तो खोकला दिवसभर ऐकला होता.

त्याने टॉर्च लावली. कुणी नव्हतं. दुसऱ्या पायरीपासून पाण्यात वलयं निघत होती. एकामागून एक.

‘एल्फस...?’

आवाज थांबला.

दुमिसानीने टॉर्च पायरीवरून हलवली नाही.

आणि मग परत. आधीपेक्षा घाईने. ओंजळ... ओंजळ... ओंजळ...

तो अजून डोळे धूत होता. तेरा रात्री. त्याला कुणी न्यायलाच आलं नव्हतं. त्याची बायको वीस पावलांवर येऊन, झाडाला हाक मारून, रिकामी फांदी घेऊन गेली होती.

दुमिसानी उजाडेपर्यंत तिथेच बसला. पळाला नाही, हे मात्र मी मानतो. मी असतो तर पळालो असतो. उजाडल्यावर पहिली टॅक्सी धरून तो नोंगोमाला गेला, माखुमालोच्या अंगणात गुडघ्यांवर बसला आणि बादलीपासून झाडापर्यंत सगळं सांगितलं. माझंही नाव सांगितलं. बरंच केलं.

माखुमालो भांडी घासत होती, ती घासत राहिली. मग म्हणाली, ‘मला ठाऊक होतं, बाबा. टॅक्सीत माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. मला वाटलं, तो माझ्यावर रुसलाय.’

हे ऐकून दुमिसानी रडला. ती नाही रडली. तिने सांगितलं, पोलिसांकडे जायचं की नाही ते मी नंतर ठरवीन. आधी तो घरी आला पाहिजे. आणि या वेळी फांदी तू धरायची.

शनिवारी दोघं प्रिंगलबाईंच्या घरी आले. दुमिसानीने चर्चला जायचं काळं जाकीट घातलं होतं, त्याच्याकडे तेवढंच बरं कापड होतं. त्याने लांबूनच वाकून फांदीचं टोक दुसऱ्या पायरीवर टेकवलं. हातसुद्धा भिजू दिला नाही. आणि म्हणाला, ‘एल्फस, मी दुमिसानी. चल, तुला घरी नेतो.’

पंधरा जणांची टॅक्सी. दुमिसानी मागच्या बाकावर, डावीकडची खिडकीजवळची जागा एल्फसची. माखुमालो पुढे. पाच तास. विचार करा पोरांनो... पाच तास जगात एकाच माणसाशी बोलायची परवानगी, आणि तो माणूस कोण? ज्याला आपण मारलं आणि वर लपवलं.

पहिला तासभर तो नुसता फांदीकडे बघत बसला. थुगेला नदीच्या पुलावर सांगावंच लागतं, नाहीतर जीव नदी ओलांडत नाही. तेव्हा म्हणाला, ‘एल्फस, आता नदी आली.’ आणि तिथून त्याला खळ पडेना. सामन्याचं सांगितलं. बादलीचं सांगितलं. मी घरी सामना बघत हसत होतो तेव्हा तू डोळे धूत होतास, हे सांगितलं. माफ कर म्हणाला. किती वेळा म्हणाला कुणास ठाऊक. पुढे बसलेल्या बायका माना खाली घालून ऐकत होत्या.

मग...

त्याचा डावा खांदा जड झाला.

त्याने मान वळवली नाही. वळवायची हिंमत झाली नाही. कुशीतली फांदी तेवढी घट्ट धरली, काटे तळव्यात जाईपर्यंत.

नोंगोमा येईपर्यंत खांदा जडच होता.

हौद दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ. माखुमालो पोलिसांकडे गेली नाही. दुमिसानीच गेला, स्वतःहून. त्याचं जे व्हायचं ते झालं, ते भोगून तो परत आला. मी मात्र कुठे गेलो नाही. मी इथेच आहे, तुम्हाला बादल्या धुवायला लावतो.

पण ते जाकीट मी पाहिलंय. त्याच रात्री माखुमालोच्या घरी त्याने ते काढलं तेव्हा त्याला दिसलं, नंतर त्याने मला दाखवलं. सगळं काळं, फक्त डावा खांदा पांढराफटक. क्लोरीनचं पाणी कापडाला लागलं की रंग कसा उडतो, ते तुम्हाला सांगायला नको. आणि डाग केवढा, तर झोप लागलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकावं, एवढा.