बिरूच्या टोपड्याचा कागद

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही भर दुपारची आहे.

खोटी वाटली तर वाटू द्या, मला कुणाचा सही-शिक्का नको. गवराबाई माझी सख्खी मावशी. तिनं सांगितलं ते सांगतो, आणि शेवटी जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेही सांगतो.

साल १९५७. पौष महिना. गाव चिखली.

गवराबाई चिंध्यांतून टोपडी शिवायची. चिंचवडचा ज्योतीराम शिंपी उरलेले तुकडे गाठोडं बांधून तिला द्यायचा. बोटभर लाल, चार बोटं निळं, कुणाच्या चोळीचा खण, कुणाच्या सदऱ्याची बाही. त्यातून टोपडी, पानाच्या चंच्या, बटवे. मशीन नाही. सुई, दोरा आणि एक जुनी कातर. आधी वर्तमानपत्राचा कागद मापानं कापायचा, तो नमुना कापडावर ठेवायचा, आणि कडेकडेनं कातर चालवायची. काम एवढंच.

गाठोड्याच्या तळाशी एक नमुना होता. त्याला ती हात लावत नव्हती.

बिरूचा.

बिरू तिचा थोरला. एकावन्न सालच्या पौषात तापानं गेला. दहा महिन्यांचा होता. तान्हं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. गावाची तशी जागा शिवेवरच्या माळावर होती. बिरूला टोपड्यासकट तिथं ठेवलं, वर एक दगड ठेवला. दर अवसेला ती त्या दगडावर वाटीभर दूध ओतून यायची.

मग माळावर कंपनी आली.

मोजणीवाल्यांनी शेत कुणाचं ते लिहिलं, बांध कुणाचा ते लिहिलं. पोरांच्या जागेचं कुणी विचारलं नाही. मेलेल्या लेकरांच्या नावावर सातबारा नसतो. भिंत उठली. पोर आत राहिलं, आई बाहेर राहिली.

आणि भिंतीवर रोजानं जात कोण होतं? गवराबाईचा नवरा, चिमाजी.

ती भांडली नाही. रडली नाही. फाटकावरच्या राखणदारानं “आत काय न्हाई बाई, समदं सपाट केलंय” म्हणून तिला परत पाठवलं, तेव्हा दुधाची वाटी तशीच घेऊन घरी आली आणि भाकरी थापायला बसली. बाई आतून थिजली होती. गाव म्हणालं, गवराबाई सावरली. गावाला काय, तेवढंच दिसतं.

त्या पौषात तिची शालन दहा महिन्यांची झाली. बिरू गेला तेव्हा होता तेवढीच.

दुपारची जेवणं उरकली होती. गवराबाईनं गाठोड्याच्या तळातून तो कागद काढला. त्यावर लाल-निळं टोपडं बेतलं, ऊन उतरायच्या आत शिवून घेतलं आणि शालनच्या डोक्यावर चढवलं...

टोपडं घसरून पोरीच्या हनुवटीवर आलं.

चिमाजी नुकताच कामावरून आला होता. तो हसला. “अगं, टोपडं शिवलंस का पाटी?”

तिला वाटलं, कातर वाकडी गेली असेल. दुसऱ्या दिवशी तिनं टोपडं उसवलं. तुकडे कागदावर ठेवले. कडेला कड जुळली.

कातर चुकली नव्हती.

तिनं फळीवरून एक दोरा काढला. बिरूच्या डोक्याचं माप, गाठ मारून जपलेलं. तो कागदाला लावला...

कागद तीन बोटं जास्त.

मग तिची नजर चित्रावर गेली. त्या कागदावर पेंडीच्या जाहिरातीतला बैल होता. सहा वर्षांपूर्वी कापताना बैलाचं तोंड कातरीबाहेर गेलं होतं. तोंडाचा तुकडा तिनं स्वतः चुलीत घातला होता. बिनतोंडाचा बैल दाखवला की बिरू खिदळायचा.

आता बैलाला तोंड होतं.

दोन शिंगं. एक डोळा... आणि तो डोळा अगदी कडेला.

तिला भ्यायला हवं होतं. ती म्हणायची, “भ्या वाटायला आत काय शिल्लक पायजे ना.” तिनं टोपडं पुन्हा शिवून खुंटीला अडकवलं आणि कागद घेऊन चिंचवडला गेली.

ज्योतीरामनं चष्मा वर सरकवला. बोटांनी कागद मापला.

“सहा-सात वर्षांच्या पोराचं माप आहे, गवराबाई. कुणाचं?”

“माझ्या थोरल्याचं.”

“वा! शाळेत घातलं की नाही मग?”

“न्हाई.”

“घाला, घाला. नाहीतर बापासारखी घमेली उचलील.”

ती कागदाची घडी घालून परत आली.

त्यानंतर रोज दुपारी गाठोड्यातून आवाज यायचा. वारा नसायचा, उंदीर नसायचा. कागद सळसळायचा...

आणि तेवढा वेळ पाळण्यातली शालन गप्प व्हायची. हुंकार नाही, हात-पाय हलवणं नाही.

सासू सारजाबाई ओसरीवर गहू निवडत हे ऐकायची. माघ सरत आला तशी एकदा म्हणाली, “पोर वाढंना गं. दूध पिती, हागती, मुतती, समदं करती. वाढंना तेवढी.”

गवराबाईनं शालनच्या डोक्याला तिच्या मापाचा दोरा लावला. पौषात मारलेली गाठ बरोबर गाठीवर येत होती. फाल्गुनात पुन्हा लावला...

दोरा सैल पडला.

“त्याची जागा मोडली,” सारजाबाई म्हणाली. “आता त्यो घरात वाढतोय. ह्या लेकरातलं खाऊन वाढतोय. जाळ त्यो कागद.”

“आत्याबाई, जाळला तर बिरूनं कुठं जायाचं?”

“आन न्हाई जाळला तर ही कुठं जाईल?”

चिमाजी उंबऱ्यात बसला होता. खाली मान घालून तो बोलला. माळावरच्या त्या जागेबद्दल पहिल्यांदा.

“दगड मीच काढला. मुकादम म्हणला, पाया हितूनच जातो. दुसऱ्या कुणाचा हात लागण्यापरीस म्हणलं आपलाच लागू दे.”

गवराबाईनं विचारलं, “खाली काय निघालं?”

“काय न्हाई. हाडूक सुदीक न्हाई.”

“आन टोपडं?”

“टोपडं व्हतं.”

“केवढं?”

चिमाजीनं दोन्ही हात वर केले. ओंजळीएवढे धरले. मग हळूहळू लांब नेले...

आणि खुंटीवरच्या टोपड्याकडे बघून थांबला.

“एवढं. तसंच परत ठिवलं. वर पाया भरला.”

सारजाबाईनं सूप बाजूला सारलं.

गवराबाई उठली. कागद पाटावर पसरला. बिरूच्या मापाचा दोरा त्यावर ठेवला, गाठीशी अंगठा दाबला आणि कातर उचलली. जाळला नाही तिनं. कातरला. गाठीच्या पलीकडचं सगळं कातरलं.

शिंगं पडली. डोळा पडला.

तेवढ्यात पाळण्यात शालन भोकाड पसरून रडली. दीड महिन्यात पहिल्यांदा पोर भुकेनं रडली होती. गवराबाईनं तिला छातीशी घेतली. दुसऱ्या हातात कातर तशीच होती.

कातरलेल्या पट्ट्या तिनं कंपनीच्या भिंतीच्या बुडाशी मातीत दाबल्या. वर वाटीभर दूध ओतलं.

शालन वाढू लागली. चैत्रात बसायला लागली, पावसाळ्यात उभी राहिली.

पुढच्या पौषात गवराबाईनं कागद उघडला.

बैलाला तोंड होतं.

आता पाहिलेलं सांगतो. एकोणसाठच्या पौषात मी चिखलीला गेलो. दुपार होती. शालन तीन वर्षांची, गुटगुटीत, नाकात शेंबूड. मावशीनं पाट मांडला, कागद पसरला. मी बैल पाहिला. या वेळी गळ्यात घुंगरमाळही होती.

“किती वर्षं कातरणार, मावशी?”

“मी हाय तवर.”

“आणि मग?”

तिनं शालनला मांडीवर घेतलं. कातरीच्या कड्यांत पोरीची इवली बोटं घातली, वरून आपली बोटं धरली.

“हळू. दोऱ्याच्या कडंनं.”

शालननं बैलाकडे पाहिलं. मग आईकडे.

“आई, त्येला दुखतंय का गं?”

घरात कागद सळसळला... पाटावरचा नव्हे. पाटावरचा तर मावशीच्या तळव्याखाली दाबलेला होता.

गवराबाईची बोटं मिटली. कातर चालली.

कागद कापल्याचा आवाज आला की मी आजही उठून बाहेर जातो. चांगला शिकलासवरलेला माणूस मी. पण कातरीआधी मला त्या पोरीचा प्रश्नच ऐकू येतो.