सुई लावताना सोबत

मला वाटलं होतं, परत आले की तळघर मिळेल. परदेशात जिथे शिकले तिथे सूक्ष्मदर्शक तळघरात असायचा, वेगळ्या पायावर, जाड भिंतींच्या आत. इथे मिळाली दुसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्टला खेटून. सूक्ष्मदर्शक छताच्या हुकाला रबरी दोऱ्यांनी टांगलेला, पाळण्यासारखा. कुणी जिना चढलं तरी पाळणा हलायचा आणि चित्राचा चिखल व्हायचा.

तरी मी खूश होते, खरंच सांगते. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत हे काम करायचं, या वेडापायीच तर आले होते.

काम असं. कार्बनच्या अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ गोळा, आणि त्याच्या पोटात धातूचा एकच अणू कोंडलेला. असे गोळे तांब्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसवायचे, गारठवायचे आणि अतिशय टोकदार सुईनं, न शिवता, चाचपायचे. आतला अणू मधोमध राहत नाही, भिंतीला टेकून बसतो. तो जिथे टेकला असेल तिथे चित्रात उजळ ठिपका दिसायला हवा. महिने गेले, ठिपका काही दिसेना. तिकडच्या जुन्या प्रयोगशाळेनं मला परत बोलावलं होतं आणि उत्तर सकाळी द्यायचं होतं. मी मनाशी ठरवलं, आज चित्र आलं तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

संध्याकाळी लिफ्ट बंद झाली. माझ्या आधीपासून इथे काम करणारी ताई डबा पिशवीत टाकत म्हणाली, "एकटीनं सुई लावू नकोस हं. सरांचा नियम आहे."

"सर जाऊन वर्ष झालं, ताई."

"सर गेले गं. नियम कुठे गेलाय? सासूबाई एव्हाना दारात उभ्या असतील, नाहीतर थांबलेच असते."

हा सूक्ष्मदर्शक सरांनी स्वतःच्या हातांनी जोडलेला. खिडकीपाशी त्यांची लोखंडी खुर्ची अजून होती. तिच्यात कुणी बसत नसे. ते तिथे श्वास आवरून बसायचे म्हणे, आणि सुईतला प्रवाह स्पीकरवर ऐकायचे. पाऊल पडलं की त्या गुणगुणण्यात 'टक्' उमटतं.

मी चपला बाहेर काढल्या, दिवा मंद केला, पडद्यासमोर माझ्या स्टुलावर बसले आणि सुई लावली. हवा खेचणाऱ्या पंपावर तापलेल्या धुळीचा वास. स्पीकर एकसुरी गुणगुणत होता, इतका शांत मी तो कधी ऐकला नव्हता.

चित्र आलं. स्वच्छ! गोळ्यांच्या ओळी, आणि प्रत्येकावर ठिपका. मी टाळी वाजवणार तेवढ्यात लक्षात आलं, सगळे ठिपके एकाच बाजूला होते. खिडकीच्या बाजूला.

सगळे गोळे सारखे दिसले की दोष सुईचा, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. विजेचा झटका देऊन सुईचं टोक साफ केलं. पुन्हा चित्र. पुन्हा खिडकीकडेच.

खुर्ची लोखंडी, चुंबकत्वाचा काही परिणाम असेल का? इतक्या लांबून? माझं मलाच हसू आलं. तरी ती उचलली, बाहेर व्हरांड्यात ठेवली आणि दार उघडंच टाकून परत स्टुलावर बसले. पाळणा स्थिर होऊ दिला.

मग स्पीकरवर... टक्.

मी हलले नव्हते.

टक्... टक्... खिडकीकडून, सावकाश. शेवटचा आवाज झाला आणि गुणगुण पुन्हा शांत झाली. माझ्या उजव्या हाताशी गार वाटत होतं. पडद्यावर ओळीमागून ओळ नवं चित्र उतरत गेलं. ठिपके वळले होते. ते माझ्याकडे नव्हते, माझ्या जरा उजवीकडे होते.

मी स्टूल घट्ट धरून बसले. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. नियम मोडला नव्हता तर.

"सर..." मी पुटपुटले, "उभे नका राहू."

खुर्ची आत आणली आणि माझ्या स्टुलाशेजारी ठेवली. पहाटेपर्यंत एकाहून एक सरस चित्रं आली.

सकाळी ताई आली ती थबकलीच. "खुर्ची कुणी हलवली?"

"त्यांना जवळून बघायचं होतं."

ती हसली नाही. पडद्यापाशी वाकून बराच वेळ पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले. "झकास आलंय गं." मग तिनं शेवटच्या चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "सगळे सरांकडे. मग हा एकटा कुणाकडे बघतोय?"

तो गोळा मी पाहिलाच नव्हता. त्याचा ठिपका दाराकडे होता. रात्रभर उघड्या राहिलेल्या दाराकडे.

मी तिकडे कळवून टाकलं, येत नाही. मग शेजारच्या खोलीतून आणखी एक खुर्ची आणली आणि दारापाशी ठेवली.