कानतुटीचा दुसरा कान

कानतुटीला दुसरा कान कुठून आला?

पडद्यावरचा फोटो पाहून माझं डोकंच फिरलं. कानतुटी ही आमच्या माळावरची लांडगीण. तिचा एक कान भांडणात तुटलेला, म्हणून बिरूमामा धनगरांनी तिचं हे नाव ठेवलं. माळावरच्या लांडग्यांची नोंदवही मामांकडे असते. दोन महिने ती कुणाला दिसली नव्हती आणि आज संध्याकाळी मामा तिचं नाव खोडणार होते. मी मात्र तिला पहाटे पाहिलं होतं. पुरावा एकच, माझा फोटो. तोही हललेला.

तो फोटो आमच्या चोख नावाच्या यंत्रमानवाने मला न विचारता दुरुस्त केला. वर मामांना दाखवूनही आला. मामा म्हणाले, "ही आपली न्हाई. हिला दोन कान हायती."

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी चोखवर खेकसले.

"फोटो सदोष होता. मी लांडग्यांचे लाखो फोटो पाहून अंदाज बांधला," चोख म्हणाला. "त्या सगळ्यांना दोन कान आहेत."

मी त्याची बॅटरीच काढणार होते, पण आजोबांनी माझा हात धरला. ते प्रकाशाचे शास्त्रज्ञ. ते कधी चिडत नाहीत, आणि त्या क्षणी मला त्याचाही राग आला.

"शालू, मूळ फोटो उघड," ते म्हणाले. "पहाटे उजेड कमी, म्हणून शटर (कॅमेऱ्यातली प्रकाशाची झडप) पाव सेकंद उघडं राहिलं. तेवढ्यात ती पळाली. जिथून जिथून गेली, तिथे तिथे तिचा प्रकाश उमटला. फोटो बिघडलेला नाही, त्यात पाव सेकंदाची धाव आहे. कानाच्या रेघा मोज बघू."

मोजल्या. एकच होती. दोन कान असते तर दोन रेघा उमटल्या असत्या.

मग मी संपादनाला (फोटोतले रंग आणि उजेड कमीजास्त करायला) बसले, रागारागानेच. जे टिपलंच नाही ते घालायचं नाही, एवढं ठरवलं होतं. गवताचे फराटे गडद केले, आभाळ काळपट निळं. अंगाचा राखाडी पट्टा तसाच ठेवला आणि कानाची रेघ तेवढी उजळवली. ती मध्येच खाली झुकून परत वर आली होती. खाली लिहिलं, 'रंगवलेला फोटो. मूळ सोबत जोडला आहे.' आता तो फोटोपेक्षा चित्रच जास्त वाटत होता.

दोन्ही छापून मी मामांकडे नेले. त्यांनी ते कागद हातात घेतले. चित्रातल्या रेघेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"लंगडती बघ कशी," ते म्हणाले. "पाय दुखावलाय तिचा, म्हनून दिसंना झाली. पर हीच ती."

नोंदवही उघडून त्यांनी कानतुटीच्या नावापुढे आजची तारीख लिहिली.

"दुरुस्त करताना ते लंगडणं मी पुसलं का?" चोखने विचारलं.

"पुसलंस." माझा राग अजून गेला नव्हता. "उद्या पहाटे माझ्याबरोबर माळावर चल. आधी नीट बघायला शीक."