पाण्याला भिणारा दगड

"अख्खं सुरत उन्हानं वाळून गेलंय, आणि पाणी गळतंय ते नेमकं माझ्याच डब्यावर..."

शेअर रिक्षात शेजारी बसलेला तरुण स्वतःशीच पुटपुटला. योगितानं मांडीवरची ओल्या कोथिंबिरीची पिशवी गुपचूप पलीकडे घेतली. पर्वत पाटियापासून पार सचिन गावापर्यंत जायचं, म्हणजे भांडायला वेळ भरपूर होता. पण त्यानं रुमालानं डबा ज्या मायेनं पुसला, ते पाहून तिला हसूच आलं.

"पेढे आहेत का?"

त्यानं झाकण जरासं उचललं. तपकिरी दगडावर निळेभोर, केसांसारखे कुरळे धागे.

"मोरचूद," ती म्हणाली. कापड रंगवायच्या कारखान्यात रंग तपासायचं तिचं काम; हा निळा ती झोपेतही ओळखेल.

"मोरचूदच. पण डोंगरानं केलेला." राजस्थानातल्या एका बंद तांब्याच्या खाणीत, रीतसर परवानगी काढून, पोटावर सरपटत जाऊन त्यानं तो आणला होता. भांड्यात वाढवलेले जाडजूड खडे लोक अस्सल म्हणून विकतात; असे धागे मात्र खाणीच्या भिंतीलाच फुटतात. आणि पाणी लागलं की संपलं.

"हिऱ्यांच्या कंपनीत नोकरी, आणि जीव लावलाय असल्या दगडाला?" तिनं त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचत विचारलं.

"हिऱ्यांना तिजोरी पुरते. याला माणूस लागतं..." तो म्हणाला, आणि घाईघाईनं रस्त्याकडे पाहू लागला.

त्याचं नाव प्रज्ञेश. पुढे तो येईपर्यंत योगिता भरलेल्या रिक्षा तर सोडायचीच, रिकाम्याही सोडू लागली. घरी मात्र गाडी अडली. प्रज्ञेशचं घर बौद्ध, हे कळल्यापासून आई, उषाबाई, त्याचा विषयच काढेना. हो नाही, की नाही नाही. वडील छगनभाऊ 'बघू' म्हणायचे आणि पंख्याकडे बघायचे.

पावसाळ्यात प्रज्ञेशच्या खोलीचं छत गळायला लागलं, तेव्हा त्यानं डबा योगिताकडे ठेवायला दिला. रविवारी तो न्यायला आला, पहिल्यांदाच घरी. उषाबाईंनी समोर ठेवला तो नुसता तपकिरी दगड. निळं सगळं मोरीतल्या बादलीत उतरलं होतं.

"धूळ फार होती," छगनभाऊ म्हणाले. "हिला धुवायची सवयच आहे."

योगितानं दाराकडे पाहिलं. आता हा उठून जाणार...

"मावशी, हातांची आग नाही ना होत?" प्रज्ञेशनं आधी हेच विचारलं. "विषारी असतं ते. साबणानं धुवा हात." मग बादलीत डोकावून म्हणाला, "यातून पुन्हा खडे वाढवता येतील. डोंगराचे नसतील... आपले असतील."

'आपले' म्हणताना त्यानं योगिताकडे पाहिलं. तिला वाटलं, या माणसाच्या आईला एकदा नमस्कार करून यावा.

"धूळच होती हो, मावशी," तोही म्हणाला.

"धूळबीळ काही नव्हती." उषाबाईंनी पदराला हात पुसले. "शेजारणीकडून काही आलं तर मी धुते का? तुझ्या घरचं होतं, म्हणून धुतलं. चुकलं माझं, पोरा. तुझ्या आईला सांग, येत्या रविवारी आम्ही तुमच्याकडे जेवायला येतोय, पोरीचं ठरवायला."