खाली पडलेलं फडकं

“भांडी घासायचा साबण! आता तारेची घासणी तेवढी बाकी राहिलीय...”

हे पुटपुटणं इतक्या जवळून आलं, की तिच्या हातातला स्पंज बादलीत पडला. बाबांची गाडी धुवायला ती चाकापाशी उकिडवी बसली होती. पुटपुटणारा शेजारच्या गाडीपलीकडे उभा होता आणि आपलं बोलणं कोणी ऐकत असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. ती ताडकन उठली.

“आणू का घासणी? की तुम्हीच घेऊन आलायत?”

तो इतका दचकला की तिला त्याची दयाच आली. महिन्यापूर्वी वरच्या मजल्यावर राहायला आलेला, गाड्या रंगवायच्या गॅरेजात काम करणारा. तिच्या आईनं त्याचं नाव ‘रंगवाला’ ठेवून टाकलं होतं. नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग असायचा. आज निळा होता.

“माफ करा... पण त्या साबणानं रंगावरचं मेण निघून जातं. मग ऊन थेट रंगाला खातं. आणि तुम्ही गोल गोल घासताय. इकडून बघा—”

तिनं वाकून बघितलं. कोवळ्या उन्हात बॉनेटवर बारीक बारीक रेघांचं कोळ्याचं जाळं चमकत होतं.

“तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाची गाडी आहे ही. जपून बोला.”

“मग तर जास्तच जपून धुवायला हवी.”

ती ग्रंथालयात कामाला होती. दिवसभर लोकांना ‘हळू बोला’ सांगून सांगून तिचं तोंड दुखायचं. असं कोणी तोंडावर फटकन बोललं की तिला उगाचच बरं वाटायचं. आजही वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी तो दोन बादल्या आणि डझनभर मऊ फडकी घेऊन हजर. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खंगाळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. गाडी सावलीत उभी करायची, टपापासून खाली यायचं, हात सरळ रेषेत चालवायचा.

“आणि खाली पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही. वाळूचा एक कण पुरतो.”

“बापरे. शाळेत मास्तर होतात का?”

“माझ्या हातून पडत नाही म्हणून सांगतोय.”

बोलला खरा. तेवढ्यात तिनं ओल्या मनगटानं कपाळावरची बट मागे सारली... आणि त्याच्या हातातलं फडकं गेलं खाली! दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं ते गुपचूप उचलून धुवायच्या ढिगात टाकलं.

त्या दिवशी ढिगात तीन फडकी गेली. त्यापुढच्या रविवारी पाच. आई ती धुऊन दोरीवर वाळत घालायची आणि काही बोलायची नाही.

न बोलण्यात ते सगळं घरच पटाईत होतं. बाबा खुर्ची टाकून देखरेख करत, पण गाडीची डावी बाजू नेहमी भिंतीला चिकटलेली. “तिकडे काही नाही,” एवढंच म्हणत. चौथ्या रविवारी मात्र त्यांनी रंगवाल्याला हाक मारली.

“पुढच्या रविवारी माझ्या बहिणीकडे जायचंय, घाटातून. तेवढं डावं दार नव्यासारखं करून दे. तिची नजर फार बारीक आहे.”

ते चहा घ्यायला वर गेल्यावर दोघांनी गाडी भिंतीच्या पुढे ढकलली. त्यानं दारावरून नख फिरवलं.

“नख अडकलं नाही तर ओरखडा पॉलिशनं जातो. अडकलं तर रंग भरावा लागतो.”

नख अडकलं. पुन्हा अडकलं. सात ठिकाणी.

“इथं गंज आहे, म्हणजे जुना. इथं भिंतीचा पिवळा रंग. हा तर परवाचा दिसतो...” त्याचा आवाज खाली आला. “डावीकडचं कधीपासून दिसत नाही त्यांना?”

ती बादलीत बघत राहिली. “दोन वर्षं झाली. आई म्हणते, फाटकावरचा दिवा मंद झालाय. मी म्हणते, फाटक अरुंद आहे. फाटक काय, होतं तेवढंच आहे.”

“तुम्हाला चालवता येते?”

“लायसन्स आहे. पण किल्ली मागायची तर कारण सांगावं लागेल ना.”

“ताई, बाई, अहो... काय म्हणू तुम्हाला,” तो गडबडला. “मी सातही बुजवून देतो. कोणाला कळणारसुद्धा नाही. पण दरीच्या बाजूला भिंत नसते हो.”

तिनं सातही ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “सहा बुजवा. एक ठेवा.”

रविवारी बाबा किल्ली नाचवत खाली आले. गाडीवर मेणाचा पातळ हात फिरला होता. आईनं ओंजळभर पाणी उडवलं तर त्याचे टपोरे गोळे होऊन बॉनेटवरून घरंगळत पळाले. बाबा खूश! बसवर निघण्याआधी फिरवायचे तसा त्यांनी गाडीभोवती हात फिरवला. डाव्या दारापाशी हात थांबला. नख अडकलं.

“हा राहिला रे.”

“राहिला नाही. ठेवलाय.”

“मी ठेवायला सांगितलं,” ती पुढे झाली. “बाबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही.”

आईनं डोळ्यांना पदर लावला. बाबा ओरखड्यावर बोट ठेवून उभे राहिले. मग किल्ली तिच्या तळहातावर आली, त्यांच्या मुठीतली ऊब घेऊन.

“मला वाटायचं, तुम्हा कोणाला दिसत नाही,” ते म्हणाले. “किती दिवस वाट बघत होतो, कोणीतरी मागेल म्हणून. चल. पहिला गिअर हळू.”

“आणि यालाही घ्या,” आई म्हणाली. “गाडीला जपायला.”

तिनं आरसे नीट केले, क्लच सोडला... गाडी एकही आचका न देता निघाली. फाटकातून दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून, झोकात! मागच्या सीटवरून बाबांनी, बसच्या कंडक्टरनं घंटी द्यावी तशी, दोनदा टाळी वाजवली. तिला मोठ्यानं हसू फुटलं. शेजारच्या सीटवर रंगवाल्याच्या मांडीवरचं फडकं पायाशी पडलं.

“हे बघ,” आई मागून म्हणाली, “आज खरं बोलायचाच दिवस आहे तर विचारते. गॅरेजात दिवसभर तुझ्या हातून किती फडकी पडतात रे?”

“एकही नाही.”

“मग आमच्याच अंगणात का?”

तो खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला.

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही, पण कान तापले होते.

“मोठ्यानं बोला की. हे काही ग्रंथालय नाही!”

तो वळला.

“तुम्ही आवडता मला,” तो म्हणाला. मोठ्यानं, मागच्या सीटपर्यंत पोचेल असं.